पडदा मुका कां होतो?

(स्क्रीन रीडरच्या स्क्रिप्टांतील फोकस व वाणी यांच्या दोषांसंबंधीं एक अभ्यासपाठ)



आपल्या शाळेंतून कांहीं वर्षांपूर्वीं उत्तीर्ण झालेला एक विद्यार्थी अक्कलकोट रोड एमआयडीसींतील एका टॉवेलांच्या कारखान्याच्या कचेरींत कामास आहे. त्यास जन्मापासून दृष्टि नाहीं. गिऱ्हाइकांकडून आलेल्या मागण्या संगणकांत नोंदणें, बिलें काढणें व माल केव्हां निघाला हें कळविणें, हें त्याचें काम. पडद्यावरील मजकूर त्यास स्क्रीन रीडर नांवाचा प्रोग्राम वाचून दाखवितो. तो कानानें ऐकून बोटांनीं टंकतो. शेजारीं बसणाऱ्या डोळस कारकुनाइतकेंच काम तो करी, आणि कांहीं दिवशीं त्याहूनही अधिक.

एके शनिवारीं सायंकाळीं त्याचा मला फोन आला. "सर, काल कचेरींतल्या प्रोग्रामाची नवी आवृत्ति बसविली, तेव्हांपासून शेवटच्या चौकटींत गेलें कीं पडदा मुका होतो. आणि काल माझ्या हातून दोन बिलें चुकलीं. चाळीस डझन टॉवेल घेणाऱ्या गिऱ्हाइकास चाळीस टक्के सूट लागली! मालक रागावले नाहींत. पण सोमवारपासून बिलांचें काम दुसऱ्याकडे द्यावें काय, असें त्यांनीं विचारलें." एवढें सांगून तो थांबला व मग हळूच म्हणाला, "स्क्रिप्ट आपणच लिहून दिली होती, सर."

तें खरें होतें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं दहावीच्या वर्गांतील दोघां विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन मी त्या कचेरींत गेलों. तेथें आम्हीं दोष कसा शोधला, आणि असे दोष सामान्यतः कोणकोणत्या कारणांनीं उद्भवतात, हें या पाठांत क्रमानें सांगावयाचें आहे. संगणकाची आवड असलेल्या मुलांस हा पाठ उपयोगी पडेलच. परंतु ज्यांस ती आवड नाहीं, त्यांनींही तो वाचावा. कोणताही दोष कसा शोधावा याची रीत येथें आहे, आणि ती यंत्रापुरतीच नाहीं.

१. स्क्रीन रीडर म्हणजे काय?

आपल्या प्रांतांत अंधांच्या शिक्षणास सव्वाशें वर्षें होऊन गेलीं. १९०० सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलर्ड यांनीं मुंबईस अंध मुलांकरितां शाळा काढली. त्या काळीं वाचन म्हणजे बोटांच्या अग्रांनीं उंचवट्यांचे ठिपके चांचपणें. ब्रेल लिपि आजही तितकीच मोलाची आहे. परंतु कचेरींतील काम आतां संगणकावर चालतें, आणि तेथें बोटाच्या जोडीस कानही कामाला लागला.

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावर काय आहे तें बोलून सांगणारा प्रोग्राम. टेड हेंटर हे अमेरिकेंतील मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे गृहस्थ. १९७८ सालीं मोटारीच्या अपघातांत त्यांची दृष्टि गेली. पुढें त्यांनीं सहकाऱ्यांसह 'जॉज' नांवाचा स्क्रीन रीडर तयार केला व तो १९८९ सालीं प्रथम बाहेर आला. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें २००६ सालीं 'एनव्हीडीए' हा प्रोग्राम लिहावयास घेतला. जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्यास येऊन मिळाला, आणि दोघांनीं २००७ सालीं एनव्ही ॲक्सेस ही संस्था स्थापिली. एनव्हीडीए हा विनामूल्य आहे व त्याचा सर्व मजकूर कोणासही वाचावयास खुला आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या यंत्रावर तोच आहे; म्हणून पुढील उदाहरणें मुख्यतः त्याचींच दिलीं आहेत.

एक गैरसमज येथेंच दूर करावा. स्क्रीन रीडर पडद्याचें चित्र पाहून तें वाचीत नाहीं. पडद्यावरील प्रत्येक बटणाविषयीं व चौकटीविषयीं तो विंडोजकडे चार गोष्टी विचारतो: तुझें नांव काय, तुझा प्रकार कोणता, तुझ्यांत मजकूर कोणता आहे, आणि तुझी स्थिति कशी आहे. या विचारपुशीकरितां विंडोजमध्यें १९९७ पासून एक ठराविक व्यवस्था आहे व पुढें तींत भर पडत गेली. प्रोग्राम लिहिणाऱ्यानें चौकटीस नांव दिलें असेल तर स्क्रीन रीडर तें बोलतो. शेजारीं नुसतें 'डझन' असें रंगवून ठेवलें असेल, पण त्या शब्दाचा चौकटीशीं संबंध जोडला नसेल, तर डोळ्यास तो दिसतो आणि कानास मात्र "येथें लिहावयाची चौकट आहे" एवढेंच कळतें.

२. फोकस आणि धोटा

आतां दुसरा शब्द फोकस. तुमच्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं किंवा शेजारीं यंत्रमाग आहे. जुन्या धाटणीच्या मागांत धोटा ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडे जातो व आडवा धागा टाकतो. एका क्षणीं धोटा एकाच ठिकाणीं असतो, आणि जेथें तो असतो तेथेंच वीण पडते. संगणकाच्या पडद्यावरील फोकस हा असाच धोटा आहे. एका क्षणीं तो एकाच चौकटींत किंवा एकाच बटणावर असतो, आणि तुम्हीं दाबलेली कळ तेथेंच पोहोंचते. टॅबची कळ दाबली म्हणजे तो पुढें सरकतो. शिफ्टसह टॅब दाबली म्हणजे मागें येतो.

डोळस मनुष्यास धोटा कोठें आहे तें दिसतें. अंध मनुष्यास तें ऐकावें लागतें. म्हणून दोन भिन्न दोष संभवतात. एक, धोटाच अडकला. फोकस पुढें गेलाच नाहीं. दुसरा, धोटा गेला, पण त्याचा आवाज झाला नाहीं. फोकस पोहोंचला आणि तें बोललें गेलें नाहीं. वरून दोहोंचें लक्षण एकच दिसतें: टॅब दाबली आणि शांतता. परंतु कारणें निराळीं व उपायही निराळे. या दोहोंत जो भेद करीत नाहीं, तो दिवसभर श्रमूनही दोष शोधूं शकणार नाहीं.

फोकसशीं घोटाळा होईल अशा आणखी तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, मजकुरांत अक्षर जेथें उमटावयाचें तो लेखनबिंदु. दुसरी, माऊसचा बाण. आणि तिसरी, स्क्रीन रीडरचा स्वतःचा पाहणीचा बिंदु, जो फोकस न हलवितां पडद्यावर हिंडूं शकतो. हीं चारही एके ठिकाणीं असतीलच असें नाहीं. "मी त्या चौकटींत आहें" असें कोणी म्हणालें तर "कोणत्या बिंदूनें?" हा प्रश्न आधीं विचारावा.

३. स्क्रिप्ट कशास लागते?

सोलापुरी चादरीवरील नक्षी जकार्डाच्या मागावर विणली जाते. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड यानें १८०४ च्या सुमारास भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेनें धागे उचलण्याची युक्ति सिद्ध केली. माग तोच, पुठ्ठे बदलले कीं नक्षी बदलते. स्क्रिप्ट म्हणजे स्क्रीन रीडरला दिलेली अशीच पुठ्ठ्यांची माळ. अमुक प्रोग्राम पुढें आला असतां अमुक चौकटीस अमुक नांव दे, अमुक कळ दाबली असतां बाकीची रक्कम वाचून दाखव, अशा सूचना तींत असतात. मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यानें जी नांवें दिलीं नाहींत, तीं स्क्रिप्ट लिहिणारा पुरवितो.

एनव्हीडीएमध्यें ही सूचनापत्रिका पायथन भाषेंत लिहितात. ज्या प्रोग्रामासाठीं ती आहे, त्या प्रोग्रामाच्या फाईलचें जें नांव तेंच पत्रिकेच्या फाईलला द्यावें लागतें. जॉजमध्यें त्याची स्वतःची भाषा आहे, व लिहिलेली स्क्रिप्ट कंपाइल केल्यावांचून ती लागू होत नाहीं. यावरून दोन साधे दोष लागलीच समजतात. नव्या आवृत्तींत प्रोग्रामाच्या फाईलचें नांव बदललें, तर एनव्हीडीएची पत्रिका उघडलीच जात नाहीं. जॉजची स्क्रिप्ट दुरुस्त करून कंपाइल करावयाची राहिली, तर जुनीच वागणूक पुढें चालू राहते आणि लिहिणारा बुचकळ्यांत पडतो.

४. शोधाची रीत: चार प्रश्न

नवशिका मनुष्य दोष दिसतांच स्क्रिप्ट उघडून तींत फेरफार करूं लागतो. हें नाडी न पाहतां औषध देण्यासारखें आहे. आधीं पुढील चार प्रश्न याच क्रमानें विचारावे, आणि प्रत्येकाचें उत्तर कागदावर लिहावें.

पहिला प्रश्न: बोलणें मुळांत चालू आहे काय? एनव्हीडीएची कळ (बहुधा इन्सर्ट) व एस मिळून दाबल्यास वाणीची तऱ्हा बदलते. चुकून ती बंद राहिली असेल. शिफ्टही जोडली गेली तर त्या प्रोग्रामापुरता स्क्रीन रीडर निद्रिस्त होतो. ध्वनि भलत्याच यंत्राकडे जात असेल, किंवा हेडफोन निघाला असेल. हीं कारणें क्षुल्लक दिसतात. म्हणूनच तीं पाहावयाचीं राहून जातात.

याच प्रश्नाचा दुसरा भाग असा: मजकूर बोलावयास दिला गेला काय? एनव्हीडीएच्या साधनांच्या यादींत 'स्पीच व्ह्यूअर' आहे. जें बोलावयाचें तें सर्व त्यांत अक्षरांनीं उमटतें. अक्षरें उमटलीं आणि आवाज आला नाहीं, तर दोष आवाज काढणाऱ्या भागांत आहे. अक्षरेंही उमटलीं नाहींत, तर बोलण्याचा हुकूमच सुटला नाहीं. शेजारीं डोळस सोबती नसेल, तर नोंदीची पातळी 'इनपुट आउटपुट' अशी ठेवावी; म्हणजे दाबलेल्या कळा व बोललेला मजकूर दोन्ही नोंदवहींत सांपडतात.

दुसरा प्रश्न: फोकस कोठें आहे? एनव्हीडीएची कळ व टॅब मिळून दाबावी; फोकस ज्या वस्तूवर आहे ती वस्तु बोलली जाते. जॉजमध्येंही इन्सर्टसह टॅब हेंच काम करते. शांततेनंतर ही जोडी दाबली असतां नवी चौकट बोलली गेली, तर धोटा पोहोंचला आहे. केवळ वर्दी मिळाली नाहीं. जुनीच चौकट बोलली गेली, तर एक तर धोटा हलला नाहीं, किंवा हलल्याची खबर प्रोग्रामानें विंडोजला दिली नाहीं. अशा वेळीं एखादें अक्षर टंकून तें कोणत्या चौकटींत पडतें हें सोबत्याकडून पाहवून घ्यावें.

तिसरा प्रश्न: स्क्रिप्टवांचून काय होतें? एनव्हीडीए बंद करण्याच्या चौकटींत 'ॲड-ऑन बंद ठेवून पुन्हा सुरू करा' असा पर्याय आहे. तो निवडावा. दोष गेला, तर अपराधी आपली स्क्रिप्ट किंवा दुसरें एखादें ॲड-ऑन. दोष राहिला, तर अपराध प्रोग्रामाचा किंवा खुद्द स्क्रीन रीडरचा.

चौथा प्रश्न: नोंदवही काय सांगते? एनव्हीडीएच्या कळेसह एफ १ दाबल्यास नोंदवही उघडते. स्क्रिप्टमध्यें चूक घडली असेल तर कोणत्या फाईलच्या कोणत्या ओळींत, हें तींत लिहिलेलें असतें. जिच्यावर पाहणीचा बिंदु होता त्या वस्तूचीं नांव, प्रकार, क्रमांक इत्यादि लक्षणेंही तेथें मिळतात.

५. कचेरींत काय आढळलें?

आतां त्या रविवारची हकीकत. मागणीच्या पानावर पूर्वीं लिहावयाच्या पांच चौकटी होत्या: गिऱ्हाईक, मालाचा प्रकार, रंग, डझन आणि गठ्ठे. मूळ प्रोग्रामांत त्यांस नांवें जोडलेलीं नव्हतीं. म्हणून मीं स्क्रिप्टमध्यें पांच नांवांची एक यादी केली होती. फोकस आला कीं ही कितवी चौकट आहे तें मोजावें व त्या क्रमांकाचें नांव बोलावें, अशी माझी सोपी योजना होती.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर स्वच्छ होतें; इतर सर्व कांहीं बोललें जात होतें. दुसऱ्या प्रश्नास, मुक्या चौकटींत एनव्हीडीए व टॅब दाबतांच, "लिहावयाची चौकट, रिकामी" असें उत्तर आलें. म्हणजे धोटा पोहोंचला होता. तिसरा प्रश्न विचारला. ॲड-ऑनवांचून सर्व चौकटी नांवांशिवाय कां होईना, पण बोलूं लागल्या. म्हणजे अपराधी स्क्रिप्टच. नोंदवहींत एकच तक्रार पुनःपुन्हा लिहिलेली होती: यादीबाहेरचा क्रमांक मागितला.

माझ्याबरोबरच्या दोघां मुलांपैकीं एक पडद्याकडे पाहत होता. तो म्हणाला, "सर, येथें चौकटी पांच नाहींत, सहा आहेत." नव्या आवृत्तींत रंग व डझन यांच्यामध्यें 'सवलत' अशी एक चौकट शिरली होती.

दोन्ही कोडीं एकदम उलगडलीं. चौथी चौकट आतां सवलतीची होती, पण माझी स्क्रिप्ट तिला 'डझन' म्हणत होती. आमच्या विद्यार्थ्यानें तींत चाळीस लिहिले, ते चाळीस टक्के झाले. पांचवी डझनाची, तिला स्क्रिप्ट 'गठ्ठे' म्हणत होती. सहावीसाठीं यादींत नांवच नव्हतें. तेथें स्क्रिप्ट अडखळून पडली आणि चौकट मुकी राहिली. त्यानें ऐकलें तेंच लिहिलें. चूक त्याची नव्हती, माझी होती, आणि ती मीं मालकांस त्याच सायंकाळीं सांगितली.

येथें एक गोष्ट मनांत ठसवून घ्या. त्याची तक्रार मुक्या चौकटीची होती, परंतु नुकसान झालें तें बोलणाऱ्या दोन चौकटींनीं. जी चौकट मुकी होते ती निदान सावध करते. जी खोटें नांव सांगते ती विश्वासानें फसविते. म्हणून शांततेचा दोष सांपडला असतां तेवढाच बुजवून थांबूं नये. शेजारच्या चौकटी खरें बोलत आहेत कीं नाहीं, हें डोळस सोबत्याबरोबर एकेक करून ताडून पाहावें.

६. दुरुस्ती कशी केली?

माझ्या हातून दोन प्रमाद घडले होते. पहिला, मीं चौकट तिच्या जागेवरून ओळखली. तिच्या स्वतःच्या खुणेवरून ओळखली नाहीं. रांगेंतील चौथा मुलगा तो अमुकच, असें धरून चालणाऱ्या शिक्षकासारखें हें झालें. रांगेंत नवा मुलगा आला कीं हजेरी चुकली. नोंदवहींतील लक्षणें पाहतां प्रत्येक चौकटीस विंडोजनें ओळखावयाचा निराळा क्रमांक आढळला. कचेरींतील दुसऱ्या यंत्रावर जुनीच आवृत्ति होती. तेथेंही त्याच चौकटींस तेच क्रमांक होते. मग क्रमांकाशीं नांव जोडलें. कांहीं प्रोग्रामांत मात्र हा क्रमांक दर खेपेस बदलतो. यासाठीं प्रोग्राम बंद करून, पुन्हा उघडून, क्रमांक तोच राहतो कीं काय हें आधीं पाहावें.

दुसरा प्रमाद अधिक खोल होता. फोकस आला असतां एनव्हीडीए एक वर्दी पाठवितो. तिचें नांव 'इव्हेंट गेनफोकस'. ती वर्दी प्रथम स्क्रिप्टच्या हातीं येते. स्क्रिप्टनें आपलें काम करून ती 'नेक्स्टहँडलर' या नांवानें पुढच्यास द्यावयाची असते. पुढें स्क्रीन रीडर नेहमींचें बोलणें बोलतो. माझी स्क्रिप्ट यादीबाहेर जाऊन मध्येंच कोसळली, त्यामुळें वर्दी पुढें गेलीच नाहीं. टपाल्यानें पत्र खिशांत ठेवून घरीं निघून जावें, तसें झालें. आतां स्क्रिप्ट आधीं पाहते: हा क्रमांक माझ्या यादींत आहे काय? नसेल तर ती "अनोळखी चौकट" असें बोलते, व कांहींही झालें तरी वर्दी पुढें देते. पुढेमागें सातवी चौकट आलीच, तर स्क्रिप्ट तिला भलतेंच नांव देणार नाहीं. आपल्यास ठाऊक नाहीं असें स्पष्ट सांगेल.

फेरफार केल्यावर एनव्हीडीएची कळ, कंट्रोल व एफ ३ मिळून दाबल्यास स्क्रिप्ट पुन्हा वाचली जाते. यंत्र बंद करावें लागत नाहीं.

७. नेहमीं आढळणारे इतर दोष

गिळलेली कळ. स्क्रिप्टनें टॅब किंवा एंटर स्वतःच्या कामास जोडली व काम झाल्यावर ती कळ प्रोग्रामाकडे पाठविली नाहीं, तर फोकस जागचा हलत नाहीं. हा खरा अडकलेला धोटा. उपाय असा कीं कळ पुढें पाठवावी, किंवा जी कळ कोणी वापरीत नाहीं अशीच निवडावी. कोणती कळ कोणत्या कामास जोडली आहे हें एनव्हीडीएची कळ व १ दाबून विचारतां येतें. तें पुन्हा दाबलें कीं विचारणें संपतें.

दुहेरी बोलणें. स्क्रिप्ट चौकटीचें नांव बोलते आणि मागाहून स्क्रीन रीडरही तेंच बोलतो. उपाय असा कीं निराळें वाक्य बोलण्याऐवजीं त्या वस्तूचें नांवच दुरुस्त करून द्यावें. मग जो बोलावयाचा तो एकदांच बोलेल.

तुटलेलें बोलणें. कळ दाबली किंवा नवी खिडकी पुढें आली कीं चाललेलें बोलणें थांबतें. हा दोष नव्हे, सोय आहे. परंतु स्क्रिप्टनें आपला निरोप खिडकी उघडण्यापूर्वीं दिला, तर तो अर्ध्यांतच कापला जातो. पुष्कळ जण येथें 'टाइम स्लीप' घालून स्क्रिप्टला क्षणभर झोपवितात. तसें करूं नये. स्क्रिप्ट झोपली कीं सारा स्क्रीन रीडर खोळंबतो. खिडकी आल्यानंतरच निरोप द्यावा, किंवा थोड्या वेळानें बोलावयाचें काम रांगेंत लावून आपण मोकळें व्हावें.

हरवलेला फोकस. वेबपानावर एखादी ओळ खोडली, आणि फोकस त्याच ओळींतील बटणावर होता, तर बटणाबरोबर फोकसही नाहींसा होतो व पुढील टॅब कांहीं वेळां पानाच्या आरंभापासून चालूं लागते. याचा खरा उपाय पान लिहिणाऱ्याच्या हातीं आहे: ओळ खोडतांच फोकस पुढच्या ओळीवर ठेवावा. स्क्रिप्टनें तो ओढून आणणें ही तात्पुरती मलमपट्टी होय.

भलती तऱ्हा. वेबपानावर वाचण्याची तऱ्हा निराळी व लिहावयाची निराळी. वाचण्याच्या तऱ्हेंत एच दाबल्यास अक्षर उमटत नाहीं. पुढच्या मथळ्यावर उडी पडते. एनव्हीडीएची कळ व स्पेस यांनीं तऱ्हा बदलते. "कळफलक बिघडला" म्हणून आलेल्या कित्येक तक्रारींचें मूळ येथें असतें.

८. भाषेचा दोष

आपल्या सोलापुरांत मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू एकाच गल्लींत नांदतात, आणि गिऱ्हाइकांच्या यादींतही नांदतात. स्क्रीन रीडर बोलतो तो आवाज पुरविणाऱ्या निराळ्या भागाच्या साहाय्यानें. त्या भागास देवनागरी येत नसेल, तर मराठी नांव एक तर गाळलें जातें किंवा अक्षराअक्षरानें विचित्र उच्चारिलें जातें. स्क्रिप्ट तपासण्यापूर्वीं आवाज मराठीचा आहे काय तें पाहावें. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या 'ईस्पीक एनजी' या आवाजांत मराठी आहे. तो यंत्रासारखा कोरडा वाटतो, पण सवय झाली म्हणजे फार जलद ऐकतां येतो.

दुसरी अडचण जुन्या फाईलींची. युनिकोडपूर्व काळांतील मराठी फाँटांत अक्षरांचीं केवळ चित्रें बदलत. आंत इंग्रजी अक्षरेंच असत. डोळ्यास तेथें 'चादर' दिसते आणि कानास निरर्थक रोमन अक्षरें ऐकूं येतात. यावर स्क्रिप्टचा उपाय नाहीं. मजकूर युनिकोडमध्यें बदलून घेणें हाच मार्ग.

९. दुरुस्तीनंतरची परीक्षा

दुरुस्ती झाली असें आपणांस वाटतें, तेव्हां काम अर्धेंच झालेलें असतें. आम्हीं त्या दिवशीं पुढील परीक्षा घेतली. टॅबनें आरंभापासून अखेरपर्यंत जावें; शिफ्ट व टॅबनें उलट यावें; दुसऱ्या प्रोग्रामांत जाऊन परत यावें; चेतावणीची चौकट उघडून एस्केपनें बंद करावी; चौकट भरलेली असतां व रिकामी असतां दोन्ही वेळां ऐकावें. प्रत्येक गोष्ट तीन वेळां केली. मुलांपैकीं एकानें पडद्याकडे पाहून खरें नांव लिहिलें, दुसऱ्यानें पाठ फिरवून ऐकलेलें नांव लिहिलें, आणि शेवटीं दोन्ही कागद ताडून पाहिले. मग आमच्या विद्यार्थ्यानें शुक्रवारचीं तींच दोन बिलें पुन्हा काढलीं. तीं बरोबर उतरलीं.

सोबत एक दोषवही ठेवावी. तींत तारीख, प्रोग्रामाची आवृत्ति, दाबलेली कळ, अपेक्षित बोलणें व प्रत्यक्ष ऐकलेलें बोलणें हे पांच रकाने पुरे आहेत. "चालत नाहीं" ही तक्रार नव्हे. "सहाव्या चौकटींत टॅबनें आलों, नांव ऐकूं आलें नाहीं" ही तक्रार होय. ज्यास प्रोग्राम लिहिणाऱ्यांस पत्र पाठवावयाचें आहे, त्यानें वहींतील ओळ तशीच उतरून द्यावी. आम्हींही त्यांस लिहिलें कीं चौकटींस नांवें जोडावीं, म्हणजे स्क्रिप्टची गरजच उरणार नाहीं. ही मागणी म्हणजे भिक्षा नव्हे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला, आणि ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें डिजिटल सेवा सर्वांस वापरतां येणें हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला.

सोमवारीं सायंकाळीं पुन्हा फोन आला. दिवसभराचीं बिलें त्यानेंच काढलीं होतीं. मालकांनीं एवढेंच केलें: यापुढें प्रोग्रामाची नवी आवृत्ति आली कीं ती प्रथम दुसऱ्या यंत्रावर बसवावी, त्यानें ती ऐकून पाहावी, आणि त्यानें होकार दिल्यावरच कामास घ्यावी, असा नियम घातला. आमच्या विद्यार्थ्यास त्या नियमाचा फार आनंद झाला होता. मला मात्र तो नियम मीं स्वतः आधींच सुचवावयास हवा होता असें वाटलें.

अभ्यासाचे प्रश्न

(१) टॅब दाबल्यावर शांतता झाली, तर फोकस अडकला कीं वर्दी अडकली, हें कसें ओळखाल?

(२) स्पीच व्ह्यूअरमध्यें मजकूर उमटतो पण ऐकूं येत नाहीं. दोष कोणत्या भागांत आहे, व तो कोठें नाहीं हें निश्चित म्हणतां येईल?

(३) चौकट जागेवरून ओळखण्यांत कोणता धोका आहे? या पाठाबाहेरचें एक उदाहरण द्या.

(४) मुकी चौकट व खोटें नांव सांगणारी चौकट यांपैकीं अधिक घातक कोणती? कारणें लिहा.

(५) आपल्या घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर पडदा झांकून, केवळ कळफलक व स्क्रीन रीडर यांच्या आधारें एक पत्र लिहून पाहा. जेथें अडलांत त्या जागा दोषवहीच्या पांच रकान्यांत नोंदवा.